रिकामी सोडलेली जागा

गेनॉरनं इंडिकेटर दिला, गाडी वळवली, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी, नॉर्मननं, डॅशबोर्डवरचा निळा बॅज उचलून कोटाच्या खिशात टाकला.

"बाबा, तो परत ठेवा."

"इथं नको."

"जागा रिकामी आहे. दाराच्या समोर आहे. खाली चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे आणि तुमच्या खिशात बॅज आहे. आता काय बँड लावून बोलवायला हवंय तुम्हाला?"

"माझ्यापेक्षा गरजू कुणीतरी येईल," नॉर्मन म्हणाला. "पुढं घे. कोपऱ्यात मिळेल."

गेनॉरनं दात-ओठ खात गाडी पुढं घेतली. गुरुवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि निम्मं ब्रिगहाउस गाव याच सुपरमार्केटात लोटलं होतं. तिची ही दुसरी फेरी. नॉर्मन एकोणऐंशी वर्षांचा होता, फुफ्फुसं निम्म्याहून जास्त निकामी झालेली. चाळीस पावलं चालला की त्याला थांबावं लागे. हे कागदावर होतं, त्यावर डॉक्टरची सही होती, आणि त्याच कागदावर कौन्सिलनं त्याला अपंगांच्या जागेचा बॅज दिला होता. सगळ्यांना मान्य होतं, एका नॉर्मनला सोडून.

"ती जागा ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठी," तो म्हणाला. "मला चांगले दोन आहेत."

"आणि फुफ्फुसं?"

"ती मी माझ्या हातानं जाळली. रोज वीस सिगरेटी, अडतीस वर्षं. कुणी बळजबरी केली नव्हती."

पुढं दारापासून चौथी एक जागा रिकामी दिसली. तिच्या पाटीवर बाबागाडी ढकलणारी बाई रंगवली होती.

"घे, ही घे," नॉर्मन म्हणाला. "मी पालक, तू मूल. पाटीवर वय कुठं लिहिलंय?"

एरवी ती हसली असती. पण मागच्या गाडीत एक बाई आणि दोन रडकी जुळी होती, आणि ती बाई आरशातून गेनॉरकडे अशी बघत होती की गेनॉरनं मुकाट्यानं गाडी पुढं काढली. तिसऱ्या फेरीला ते पुन्हा दारासमोर आले तेव्हा त्या खुर्चीच्या चित्रावर एक चकचकीत, घराएवढी उंच काळी गाडी उभी होती. आतून अर्ध्या चड्डीतला एक धट्टाकट्टा गडी उतरला. काचेमागं बॅजबिज काही नव्हतं. गेनॉरनं काच खाली केली.

"ही जागा अपंगांची आहे."

"दोनच मिनिटं, डार्लिंग," तो म्हणाला आणि उड्या मारत पैशाच्या मशीनकडे गेला.

तिनं काच वर केली.

"आला बघा तुमचा गरजू," ती म्हणाली. "याच्यासाठी सोडली तुम्ही जागा."

"त्याला लाज नाही म्हणून मी माझी सोडू का?"

पार्किंगच्या पार टोकाला, बाटल्या टाकायच्या हिरव्या पेट्यांजवळ त्यांना जागा मिळाली. तिथून दारापर्यंत नॉर्मन तीनदा थांबला. एकदा ट्रॉल्यांच्या रांगेपाशी, एकदा किमतीच्या फलकापाशी आणि एकदा नुसताच आभाळ बघत, पाऊस येईल का याचा अंदाज घेतल्यासारखा. गेनॉर प्रत्येक वेळी दोन पावलं पुढं जाऊन थांबली. दुकानात शिरल्यावर त्याला सोपं जाई. तिथं फळ्याच फळ्या. तो घेवड्याचा डबा उचले, हातभर लांब धरून त्यावरचं बारीक अक्षर वाचे, फिरवून मागचं वाचे, ठेवून देई. मग चार पावलांवर मुरंबा. सबंध दुकान तो असा वाचत जाई. त्याचा चष्मा गेनॉरच्या पर्समध्ये असे, कारण त्याच्याकडे दिला की तो हरवे. चष्म्याशिवाय त्याला डब्यावरचं घेवड्याचं चित्र दिसलं तरी खूप. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा त्यानं तसं ठरवलं होतं. या विषयावर दोघांत कधी एक शब्द निघाला नव्हता.

दुकानाच्या टोकाला चहाचं हॉटेल होतं, आणि तिथं साडेदहाला रॉय आणि टेड यायचे. तिघांनी मिळून हॅलिफॅक्स-हडर्सफील्ड मार्गावर शंभरेक वर्षं बस हाकली होती. मनुकांचा गरम पाव, त्यावर लोणी, आणि सध्याच्या ड्रायव्हरांना ब्रेक कसा दाबायचा कळत नाही या विषयावर एक तास. नॉर्मनच्या आठवड्यातला हा एकच तास असा होता की तो घराबाहेर असे. बाकी दिवस तो खिडकीतल्या खुर्चीत बसे.

पाचातले चार गुरुवार नॉर्मन असाच हट्टानं चालत जाई. पण धुकं असलं, थंडी छातीत शिरायला लागली की तो काही न बोलता बॅज डॅशबोर्डवर राहू देई, आणि गेनॉरही काही न बोलता दारासमोर गाडी लावे. त्या दिवसांसाठी बॅज हवा होता. आणि त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. पहिल्या वेळी हॉस्पिटलच्या कागदावर काम भागलं होतं. या वेळी पत्र आलं होतं की समक्ष यावं, चालून दाखवावं लागेल. नोव्हेंबर लागला होता. बॅज गेला तर हिवाळाभर गुरुवार गेले. गेनॉर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसे, म्हातारी माणसं कशी उतरणीला लागतात ते तिनं रोज पाहिलं होतं. आधी दुकान सुटतं, मग मित्र, मग दाढी करणं.

*

मंगळवारी ती त्याला न्यायला गेली तर दार उघडणारा माणूस लग्नाला निघाल्यासारखा. कडक इस्त्रीचा सूट, टाय, बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश, गालावर दाढी करताना लागलेला ताजा काप.

"हे काय?"

"सरकारी कामाला जायचंय ना."

"बाबा, तुम्ही आजारी आहात हे दाखवायला चाललोय आपण. तो जुना स्वेटर घाला, कोपरावर फाटलेला."

"फाटक्या स्वेटरमध्ये डॉक्टरकडे? तुझी आई असती तर तिनं मला दारातून बाहेर सोडलं असतं का?"

गाडीत तिनं पुन्हा समजावलं. खरं सांगायचं. चांगल्या दिवसाचं नाही, सगळ्यात वाईट दिवसाचं सांगायचं. दम लागला की थांबायचं, लपवायचं नाही. नॉर्मन प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, आणि ती पालथ्या घड्यावर पाणी ओतत होती हे तिला त्या मान हलवण्यावरूनच कळत होतं.

"आपली रडगाणी तिऱ्हाइताला कशाला," तो शेवटी म्हणाला.

कौन्सिलच्या त्या इमारतीत तपासणारी मुलगी पंचविशीची होती. गळ्यात पट्टी, पट्टीला ओळखपत्र, त्यावर नाव: बेथनी. ती हाक मारायला स्वतः बाहेर आली. बाईमाणूस उभं आहे म्हटल्यावर नॉर्मन खुर्चीतून ताडकन उठला. तिच्या खोलीचं दार आधी त्यानंच उघडून धरलं, ती आत जाईपर्यंत धरून ठेवलं. गेनॉरनं डोळे मिटून घेतले.

"कसे आहात, मिस्टर बूथरॉइड?"

"मजेत. तक्रार नाही."

बेथनीनं ते लिहून घेतलं.

"चालताना काही त्रास?"

"माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत, पोरी."

"न थांबता किती लांब जाऊ शकता?"

"मोजलं नाही कधी. जायचं तिथं पोचतो."

"त्यांना चाळीस पावलांवर…" गेनॉरनं सुरुवात केली.

"त्यांनाच सांगू द्या ना," बेथनी म्हणाली. उद्धटपणानं नाही, पण कुणीतरी शिकवून ठेवल्यासारखं. "घरातल्यांचं मी शेवटी विचारते."

आणि नॉर्मननं त्या शिकवणीचा असा फायदा घेतला की विचारता सोय नाही. जिना? हळूहळू चढतो. आंघोळ? रोज. झोप? लहान बाळासारखी. उलट त्यानंच तिला विचारलं की कुठून येतेस, आणि सॉअर्बीहून बसनं येते म्हणाल्यावर ती बस अजून पुलाजवळ पाच मिनिटं उशिरा पोचते का असंही विचारलं. ती हसली. हा खुर्चीत बसून गप्पा मारणारा माणूस आजारी आहे असं गेनॉरलाही वाटलं नसतं.

"चला, जरा चालून बघू," बेथनी म्हणाली.

लांबलचक बोळ होता, एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. बेथनी हातात फॉर्म लावलेली पाटी घेऊन त्याच्या शेजारून चालत होती, गेनॉर मागं. नॉर्मन ताठ चालत होता. तिसऱ्या दाराशी तो थांबला. भिंतीवर आग लागल्यास काय करावं याचा कागद चिकटवला होता. तो हात मागं बांधून वाचायला लागला.

"हे लोक फार व्यवस्थित लिहितात," तो म्हणाला. वाक्याच्या शेवटी आवाज पुरला नाही, म्हणून त्यानं खोकला काढला.

बेथनी थांबली, मग दोघं पुढं निघाली. पाचव्या दाराशी हात कसे धुवावेत याची चित्रं. तीही त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग खिडकी. खाली पार्किंग होतं. त्यानं चौकटीवर हात ठेवला, म्हणजे टेकला, आणि एका लाल गाडीकडे बोट दाखवलं.

"वाकडी लावलीये बघ. दोन जागा खाल्ल्या."

बेथनीनं पाटीवर काहीतरी खरडलं. गेनॉर तिच्या खांद्यामागं होती. 'दम लागून थांबले का' या ओळीसमोर 'नाही' वर खूण होती. पुढं लिहिलं होतं: 'आजूबाजूच्या गोष्टींत रस घेतात.'

गेनॉरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोरीचा राग नव्हता, तिला दिसलं ते तिनं लिहिलं. राग होता त्या पॉलिश केलेल्या बुटांचा. वर्षभर फोन करून, फॉर्म भरून, रजा काढून तिनं ज्याच्यासाठी धावाधाव केली तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत, अगदी सभ्यपणानं, स्वतःला घरात कोंडून घेत होता.

"ते वाचत नाहीयेत," ती म्हणाली.

नॉर्मन खिडकीकडेच बघत राहिला.

"त्यांना वाचता येत नाहीये. चष्मा माझ्याजवळ आहे." तिनं पर्स उघडली आणि चष्मा काढून वर धरला. "ते दम खातायत. दुकानातही असंच करतात, डबे घेऊन उभे राहतात. घरी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वर जायची तयारी करतात, पंधरा-पंधरा मिनिटं. संडास वर आहे. दुपारी वर जाणं होत नाही म्हणून खुर्चीच्या मागं बाटली ठेवलेली असते, वर्तमानपत्र गुंडाळून. रोज संध्याकाळी मी यायच्या आत ती मोरीत रिकामी करतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं."

बोळात कुठलंसं दार उघडून बंद झालं. नॉर्मनचे कान लाल झाले होते. तो खिडकीबाहेर त्या लाल गाडीकडे बघत होता, आणि आता कुणासाठी काही लपवायचं उरलं नसल्यामुळं असेल, त्याचे खांदे वर-खाली व्हायला लागले. श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

बेथनीनं खिशातून प्राणवायू मोजायचा छोटा चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला. आकडा बघितला आणि जवळच्या खोलीतून खुर्ची ओढून आणली. नॉर्मन बसला. पाटीवरची 'नाही'ची खूण तिनं खोडली.

"झालं का?" थोड्या वेळानं नॉर्मननं विचारलं.

"झालं, मिस्टर बूथरॉइड."

"थँक यू," तो म्हणाला.

*

बॅज दहा दिवसांत पोस्टानं आला. आतल्या फोटोत नॉर्मन टाय लावून बसला होता.

त्या दहा दिवसांत नॉर्मन तिच्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, तिनंही चार शब्द ऐकवले असते आणि चहा पिऊन मोकळे झाले असते. पण तो सभ्य वागत राहिला. चहाचा कप दिला की थँक यू. खिडकी लावली की थँक यू, गेनॉर. पन्नास वर्षांत त्यानं तिला पोरी सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. खुर्चीमागची बाटली नाहीशी झाली होती. त्याऐवजी तो काय करत होता हे विचारायची तिची छाती झाली नाही.

गुरुवारी थंडी मरणाची होती. मोटारींच्या टपांवर दहिवर पांढरं गोठलं होतं. गेनॉरनं कुणाला न विचारता दारासमोरच्या खुर्चीच्या चित्रावर गाडी लावली, नवा बॅज फोटोची बाजू खाली करून डॅशबोर्डवर ठेवला. नॉर्मननं तो उचलला नाही. बरोबर काम झालं म्हणून तिला हायसं वाटलं, क्षणभरच.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी इथं बसतो."

"बसतो म्हणजे? रॉय आणि टेड आलेले असतील."

"त्यांना सांग बरं नाही म्हणून. आता सगळ्यांना सांगतेसच."

हे पहिलं टोचणारं वाक्य, त्या मंगळवारनंतरचं. गेनॉरनं ते गिळलं. तिनं पिशव्या घेतल्या, दार उघडलं.

"पण मग गाडी इथं नको," नॉर्मन म्हणाला.

"काय?"

"बॅज माझ्या नावाचा आहे. मी उतरणार असेन तर ही जागा. मी बसून राहणार आणि तू टणाटणा चालत आत जाणार, याला जागा अडवणं म्हणतात. बॅजबरोबर पुस्तक आलंय, त्यात लिहिलंय. चष्मा लावून वाचलं मी."

"मग उतरा."

"नाही."

"बाबा, या जागेसाठी मी काय काय केलंय माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी तिथंच होतो."

तिनं आरशात पाहिलं. मागं एक जुनी निळी गाडी इंडिकेटर लावून थांबली होती. काचेमागं तसाच बॅज, आणि आत एकमेकांना चिकटून बसलेली दोन म्हातारी माणसं, घाई नसलेली.

"ते थांबलेत," नॉर्मन म्हणाला.

गेनॉरनं दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. गाडी मागं घेतली. म्हाताऱ्यानं आतून हात वर करून आभार मानले, आणि नॉर्मननं, याला म्हणावं काय, त्याला हात केला. पार्किंगच्या पार टोकाला, त्याच हिरव्या पेट्यांजवळ, तिनं गाडी उभी केली. फॉर्म, रजा, तो बोळ, तो चिमटा, सगळं जमेस धरून ते पुन्हा इथंच आले होते. तिला रडू येत होतं आणि ती रडणार नव्हती.

"बसा आता," ती म्हणाली. "हीटर चालू ठेवते. किल्ली राहू दे."

ती उतरली, पिशव्या काखेत मारल्या आणि चालायला लागली. दहा पावलं गेली असेल नसेल, मागं गाडीचं दार वाजलं. तिनं वळून पाहिलं नाही. चाल मात्र हळू केली.

नॉर्मन तिच्या बरोबरीला आला. मफलर नाकापर्यंत ओढलेला, हात खिशात.

"किल्ली आणलीये," तो म्हणाला. "इथं उतरायला माझी हरकत नाही. इथं मी कुणाची जागा अडवत नाही."

दोघं चालत राहिली. थंडीत त्याचा श्वास पहिल्या पंधरा पावलांतच वाजायला लागला. ट्रॉल्यांची रांग अजून बरीच पुढं होती, फलक त्याहून पुढं. विसाव्या-पंचविसाव्या पावलाला, गाड्या ये-जा करायच्या वाटेच्या अगदी मधोमध, नॉर्मनचे पाय थांबले.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. डावीकडे गाड्या, उजवीकडे गाड्या, खाली डांबर. वाचण्यासारखं कुठंच काही नव्हतं. त्यानं आभाळाकडे मान वर केली, मग काय वाटलं कोण जाणे, खाली घेतली, आणि तसाच उभा राहिला, तोंड उघडं, खांदे उचलत. मागून एक पांढरी व्हॅन आली आणि अडली. ड्रायव्हर काचेमागून बघत होता, बोटं स्टिअरिंगवर वाजवत होता. नॉर्मनला बाजूला सरकायचं होतं. पाऊल उचलत नव्हतं. त्यानं गेनॉरकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

गेनॉर दोन पावलं मागं आली. पिशव्या डांबरावर ठेवल्या, त्याच्या पुढ्यात, व्हॅनच्या बरोबर समोर, एक गुडघा टेकून खाली बसली आणि आपल्या डाव्या बुटाची लेस बांधायला लागली. लेस घट्ट होती. तिनं ती आधी सोडली, मग सावकाश ओढून सरळ केली. व्हॅनवाल्याकडे बघून तिनं हात वर केला: एक मिनिट, साहेब, माझ्यामुळं.

नॉर्मन वरून बघत होता. श्वासाची शिट्टी हळूहळू उतरली. तिनं गाठ मारली.

"झालं का, पोरी?" तो म्हणाला. "लोक खोळंबलेत."

"थांबा," गेनॉर म्हणाली आणि दुसऱ्या बुटाकडे वळली. "ही पण सुटलीये."